माणसे सांभाळण्याचे शास्त्र

मनुष्यबळ विकास आणि संघटना विकास ही नावे आता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत इतकी रुळली आहेत की, हे शास्त्र आले कोठून असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पाठ्यपुस्तके त्याचा आरंभ अमेरिकेत दाखवितात. त्यात खोटे काही नाही. परंतु ज्या मुलखातली घरेच्या घरे मुंबईच्या गिरण्यांवर जगली, त्या मुलखातील श्रोत्यांपुढे हा इतिहास मांडावयाचा तर तो गिरणीच्या दरवाज्यापासून मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिच्यामागून गिरण्यांची रांगच लागली. मालक फोर्टातल्या पेढीवर, आणि कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला. या दोघांची गाठ पडण्याचे कारणच नव्हते. मधल्या जागेत उभा राहिला तो जॉबर. गावाकडची माणसे आणणे, त्यांना काम शिकविणे, यंत्र बिघडले तर पाहणे, कोणास ठेवावे व कोणास काढावे हे ठरविणे, हे सारे त्याच्याकडे. आज ज्या कामांसाठी कंपनीत निरनिराळे अधिकारी असतात, ती सारी कामे हा एकटा गृहस्थ करीत असे. आणि त्याबद्दल कामगाराकडून दस्तुरीही उकळीत असे. त्याला केवळ खलपुरुष ठरविणे मात्र बरोबर होणार नाही. तो बहुधा गावचा किंवा नात्यातला असे. चाळीत बिऱ्हाड मिळवून द्यायला, अडीनडीला उसने पैसे द्यायलाही तोच असे. कामगार त्याच्या धाकात होता, तसा त्याच्या आश्रयालाही होता.

या व्यवस्थेवर पहिला संघटित आवाज उठला तो १८८४ मध्ये. नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी त्या वर्षी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळावयास १८९० चा जून उजाडला. या मागण्या आम्ही मुद्दाम सांगितल्या. पुढे ज्याला शास्त्र म्हटले गेले त्याचे पहिले धडे अशा अर्जात लिहिलेले आहेत, आणि ते लिहिणारे कोणी प्राध्यापक नव्हते.

सरकारला जाग यावयास आणखी चार दशके गेली. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले गेले. नारायण मल्हार जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने सांगितले की भरतीचे काम जॉबरच्या हातून काढावे आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत. त्यानंतर घटना भराभर घडल्या. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना काढली. आणि १९३६ मध्ये नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी त्याचे पहिले संचालक. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. ‘कामगार कल्याण’ हा विषय आपल्याकडे वर्गात बसून शिकण्याचा झाला तो अशा संस्थांतून. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले, आणि या शिक्षणाला पोटापाण्याची जोड मिळाली. या अधिकाऱ्याची कर्तव्ये सरकारने ठरवावयाची आणि पगार मालकाने द्यावयाचा, ही त्या पदाची मूळचीच अडचण होय.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे पाहू, कारण आपल्या वर्गांत पुढे जे शिकविले गेले त्यातले बरेचसे तिकडून आले. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तेथे १९२४ पासून दिव्यांचा उजेड कमीजास्त करून उत्पादन वाढते का ते पाहिले गेले. उजेडाशी त्याचा सरळ मेळ बसेना. मग १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जुळविणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून प्रयोग सुरू झाला. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, वेतनाची पद्धत हे सारे बदलून पाहिले. उत्पादन एकंदरीत चढत गेले. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावरून सांगितले की माणूस केवळ पैशासाठी राबत नाही, आपुलकी आणि सोबतीचे नाते यांना कामात मोठे स्थान आहे. या सिद्धान्ताचा पुढे फार बोलबाला झाला. मात्र एक गोष्ट सांगताना पुष्कळदा गाळली जाते. त्या खोलीतल्या दोन मुली फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, म्हणून जानेवारी १९२८ मध्ये बदलण्यात आल्या, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आणून बसविल्या. आपुलकीच्या त्या प्रयोगातही कोण राहणार हे वरूनच ठरले होते!

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप चालू होता. एका माणसाने अधिक साचे सांभाळावेत ही मालकांची योजना हे त्याचे एक मोठे कारण. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे निराळाच सवाल टाकला. विणाई खात्यात पगार अधिक, पण अस्पृश्य कामगारास तेथे प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचे उष्टे इतरांस चालत नव्हते. रिंगखात्यात त्याने हवे तितके राबावे. शिकागोच्या खोलीत हा प्रश्न उद्भवला नाही म्हणून शास्त्राच्या पुस्तकांतही तो आला नाही.

संघटना विकास या शाखेचा उगम कुर्ट लेविन यांच्याकडे जातो. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडलेला हा मानसशास्त्रज्ञ. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट संस्थानात त्यांनी एक शिबिर चालविले. दिवसभरातील गटांच्या वागण्याची चर्चा निरीक्षक रात्री करीत बसत. शिबिरार्थींनी ती ऐकण्यास येऊ द्यावे अशी विनंती केली, ती लेविननी मानली. आपल्याविषयीचे निरीक्षण ऐकून माणसे स्वतःहून बदलू लागतात, हे त्या रात्री ध्यानात आले.

ही विचारसरणी हिंदुस्थानात प्रत्यक्ष कसाला लागली ती अहमदाबादेस. गौतम साराभाई यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये कॅलिको गिरणीत आले. नवे स्वयंचलित साचे बसविले होते, पण उत्पादन वाढत नव्हते. २२४ साच्यांमागे २९ माणसे आणि बारा निरनिराळ्या प्रकारची कामे. कोण कोणाशी बांधील याचा पत्ता नाही. राइस यांनी सुचविले की ठरावीक साच्यांची जबाबदारी एका लहान गटावर सोपवावी. कामगारांनी ही कल्पना उचलली, आपापसांत गट पाडले, आणि काही काळाने उत्पादन वाढले, खराब मालही कमी झाला. आमच्या मते या विषयातील आपल्या देशात घडलेले हे सर्वांत मोलाचे काम होय, कारण येथे कामगाराच्या शहाणपणावर विश्वास टाकला गेला. तरीही आंबेडकरांचा प्रश्न उरतोच. माणसांनी आपले सोबती आपण निवडावेत हे ठीक; पण जातींनी विभागलेल्या समाजात ही निवड कोणास बाहेर ठेवील? सतरा वर्षांनी पाहिले तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती गटरचना विसकटलेली होती. पुढे ती गिरणीही बंद पडली.

‘मनुष्यबळ विकास’ हे नाव आपल्या कंपन्यांत रूढ झाले ते मुंबईतूनच. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना लार्सन अँड टुब्रो कंपनीने आपली मूल्यमापनाची पद्धत तपासण्यास बोलाविले. १९७५ मध्ये त्यांनी सांगितले की नुसते गुण देऊन भागत नाही. माणसाशी बोलावे, पुढे तो काय करू शकेल हे पाहावे, त्याच्या शिक्षणाची सोय करावी, आणि या सर्वांसाठी स्वतंत्र विभाग असावा. तो झाला, आणि त्याचे अनुकरण बँकांनी व सरकारी उद्योगांनीही केले. १९८५ मध्ये तर केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यालाच हे नाव मिळाले. ते २०२० पर्यंत टिकले.

परंतु याच शहरात, त्या नव्या विभागाला सात वर्षे होतात न होतात तोच, १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ ही त्यांची मोठी मागणी. आणखी एक मागणी होती: बदली कामगारांना कायम करावे. १९३५ ची नोंदणी योजना होऊन सत्तेचाळीस वर्षे लोटली होती, आणि सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून, आज कोणी गैरहजर आहे का, याची वाट पाहणारा माणूस अजून तेथेच उभा होता.