बालसंरक्षण : सरकार आणि समाजसंस्था

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या कर्तृत्वाचा, दात्यांच्या औदार्याचा आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या यशाचा वृत्तांत येतो, व तो येणे योग्यच आहे. परंतु ज्या मुलाचे नाव गुणवंतांच्या यादीत येत नाही, ज्याचा बाप समुद्रावर गेला तो परतलाच नाही, किंवा ज्याच्या अंगावर घरातल्याच माणसाने हात टाकला आणि घरानेच त्याचे तोंड दाबले, त्या मुलाचा इतिहास कोणी लिहावयाचा? प्रस्तुत लेखात आम्ही तो अल्पसा प्रयत्न करीत आहोत.

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर आपले तारकर्ली गाव वसले आहे. येथील पोरक्या मुलाचा सांभाळ पूर्वी चुलता, मामा अथवा वाडी करीत असे. पोटासाठी मुंबईस गेलेल्या मुलाला गिरणगावातील गावकऱ्यांच्या खोलीचा आधार मिळे. या व्यवस्थेचे उपकार आम्ही विसरू इच्छित नाही. तथापि तिच्यात दोन दोष होते. एक, ती आपल्याच मुलास ओळखी. आणि दुसरा, मुलापेक्षा घराच्या नावाला ती अधिक जपे.

हे दोन्ही दोष ओलांडण्याचे धैर्य आपल्या प्रांतात प्रथम दाखविले ते महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली पुण्यात स्वतःच्या घरी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन निर्भयपणे बाळंत व्हावे, हा त्याचा हेतू. तेथेच जन्मलेल्या यशवंतास या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. परक्या ज्ञातीचे मूल आपले मानणे म्हणजे काय, याचा तो वस्तुपाठ होय. पुढे १८७५ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरास तशीच संस्था काढली. तिचा कारभार प्रार्थना समाजाने पाहिला, आणि १८७६-७८ च्या दुष्काळात उघडी पडलेली मुलेही तिने पदराखाली घेतली. सरकारचा माणूस व लोकांची संस्था एकत्र आल्याचे हे एक जुने उदाहरण आहे.

राजसत्ता आणि ज्ञातिसंस्था यांची खरी भागीदारी कोल्हापुरात दिसते. १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस जागा व साहाय्य दिले. कारभार मात्र त्या त्या समाजाने पाहावयाचा होता. खेड्यातून शहरात आलेल्या मुलास सुरक्षित छप्पर मिळाले, म्हणूनच त्याचे शिक्षण झाले. ब्रिटिश मुलखात १९२४ चा मुंबई बालक अधिनियम झाला. त्याने निराधार आणि अपराधी अशा दोन्ही प्रकारच्या मुलांचा विचार मोठ्यांच्या तुरुंगापासून वेगळा केला. १९२७ साली मुंबईत स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने त्याच्या अंमलाचा भार उचलला. कायदा व अनुदान सरकारचे, आणि संस्था व माणसे समाजाची, हा प्रघात तेव्हापासून महाराष्ट्रात रूढ झाला.

आपल्या किनाऱ्याशी निगडित असा एक अध्याय येथे सांगितलाच पाहिजे. मालवणपासून गोमंतकापर्यंत देवस्थानांच्या सेवेस मुली वाहण्याची चाल होती. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण अधिनियमाने ती बेकायदा ठरविली. मुलीची संमती होती ही सबबही चालेना. परंतु कायद्याने चाल गुन्हा ठरते, मुलगी शाळेत बसत नाही. ते काम राजाराम रंगोजी पैंगीणकर यांच्यासारख्या त्याच समाजात जन्मलेल्या सुधारकांनी व गोमंतक मराठा समाजाने केले. स्वतःच्या घरातील अन्यायास त्यांनी अन्याय म्हटले. ज्ञातिसंस्थेचा याहून मोठा पराक्रम आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्याकडे वळू. २००९ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालसंरक्षण योजना आखली. तीच पुढे मिशन वात्सल्य या नावाने चालू राहिली. गावोगावी बालसंरक्षण समिती असावी, सरपंच तिचे अध्यक्ष असावेत, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांच्याबरोबर मुलांचे प्रतिनिधी, प्रतिष्ठित ग्रामस्थ आणि लोकसंस्थांचे प्रतिनिधीही तीत असावेत, अशी ही योजना आहे. म्हणजे सरकारने आपल्यासारख्या मंडळांसाठी आसन मांडून ठेवले आहे. ते रिकामे ठेवावयाचे की त्यावर बसावयाचे, हा प्रश्न आपला आहे.

तेथे बसणाऱ्याने मात्र एक जुनी सवय दाराबाहेर ठेवावी लागेल. आमच्या तरुणपणी वडीलधाऱ्यांच्या एका बैठकीस आम्ही हजर होतो. एका अजाण मुलीची तक्रार होती. चर्चा पुष्कळ झाली. अखेर मुलीस मावशीच्या गावी पाठवावे आणि विषय वाढवू नये, असे ठरले. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो गृहस्थ पुढील सभेस पहिल्या रांगेत बसला होता. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. त्या मौनाची लाज आजही आमच्या मनातून गेलेली नाही.

आज असे मौन केवळ लाजिरवाणे नव्हे, तर बेकायदा आहे. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या कायद्यान्वये असा गुन्हा समजल्यावर पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविणारा शिक्षेस पात्र होतो. ज्ञातीच्या बैठकीस यात तडजोडीचा अधिकार नाही. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हाक आता सरकारच्या हाती आहे. तो क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा.

मग मंडळाने करावे तरी काय? ज्या घरचा कर्ता पुरुष समुद्राने नेला, त्या घरच्या मुलांना बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान मिळू शकते. परंतु अर्ज, दाखले आणि ओरोसची खेप त्या माउलीस एकटीला झेपत नाही. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने ही खेप तिच्याबरोबर करावी. दुसरे, पर्यटनाच्या हंगामाकडे डोळसपणे पाहावे. शाळा सुटल्यावर घरच्या खानावळीत मुलाने आईस हात लावणे निराळे, आणि चौदा वर्षांखालील मुलास परक्याकडे राबविणे निराळे. दुसऱ्यास २०१६ पासून कायद्याने पूर्ण मनाई आहे. रात्री पाहुण्यांच्या खोल्यांतून पोरांस धाडणे तर घरच्या धंद्यातही टाळावे. तिसरे, समितीत बसल्यावर मुलाची ज्ञात विचारू नये. नाव मात्र झाकावे, ते मुलाचे, अपराध्याचे नव्हे.

सरकारजवळ कायदा आहे, पैसा आहे. परंतु कोणत्या घरातील मूल आज शाळेत आले नाही, हे शेजाऱ्यास जितके लवकर कळते तितके जिल्ह्याच्या कचेरीस कळत नाही. तो शेजारी आपण आहोत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी, कोणाचेही नाव न घेता, इतकेच छापता यावे की या वर्षी मंडळाने अमुक इतक्या मुलांना हात दिला. तो आकडा लहान असला तरी आम्हांस त्याचा अभिमान वाटेल.