दुरून येणारा वैद्य

रोग्यानें वैद्याकडे जावें कीं वैद्यानें रोग्याकडे यावें, हा प्रश्न फार जुना आहे. विसाव्या शतकानें त्याला तिसरें उत्तर शोधलें : दोघांनींहि आपापल्या जागीं राहावें आणि रोगाची वार्ता तेवढी तारेवरून जावी. या उत्तराचा इतिहास आज थोडक्यांत पाहूं, आणि भंडारा जिल्ह्यांतील एका दीर्घ व्याधीला लावून त्याचें मोल ठरवूं.

हॉलंडमधील लायडेन येथें आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञानें हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारें यंत्र तयार केलें होतें. तें इतकें अवजड होतें कीं रुग्णालयांत नेणें अशक्य. म्हणून १९०५ सालीं त्यानें रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या सुमारें दीड किलोमीटर अंतरांत टेलिफोनच्या तारेचा उपयोग केला. रोगी रुग्णालयांतच राहिला. त्याच्या हृदयाचे स्पंद मात्र यंत्रापर्यंत पोहोंचले. पुढें बिनतारी संदेशांनीं समुद्रावरील जहाजांना वैद्यकीय सल्ला मिळूं लागला. परंतु जहाजावरील रोग्याचा प्रश्न थोड्या दिवसांचा असे. बंदर आलें कीं तो रुग्णालयांत जाई. दीर्घ व्याधीच्या रोग्याला असें बंदर नसतें.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पूर्व विदर्भांतील इतर जिल्ह्यांप्रमाणें येथेंहि सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याला असह्य वेदना होतात. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरानें १९१० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. मध्य भारतांतील या दोषाविषयीं शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला. आईबाप दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

थंडी, ताप, अतिश्रम यांनीं वेदना उसळतात. भंडाऱ्यांत रोवणी म्हणजे भर पावसांत, चिखलपाण्यांत दिवसभर वांकून उभें राहणें. जें काम पोट भरतें तेंच दुखणें जागें करतें.

हायड्रॉक्सियुरिया या औषधानें वेदनेचे झटके कमी होतात. मात्र तें घेतांना वारंवार रक्त तपासावें लागतें. औषध संपलें कीं एक खेप, रक्त देण्यासाठीं दुसरी, अहवाल दाखविण्यासाठीं तिसरी. तज्ज्ञासाठीं नागपूर गांठावयाचें तर भंडारा शहरापासूनच सुमारें साठ किलोमीटर; लाखांदूरकडील खेड्यांना त्याहून पुष्कळ अधिक. प्रत्येक खेपेला रोजंदारी बुडते, आणि सोबत येणाराचीहि बुडते. ऑगस्ट २०२० मध्यें वैनगंगेला महापूर आला, तेव्हां जिल्ह्यांत जेथें रस्तेच पाण्याखालीं गेले तेथें खर्चाचा विचारहि फोल ठरला.

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें रेडिओ केंद्र सुरू झालें आणि आरोग्याचे चार शब्द खेड्यांत पोहोंचूं शकले. पण ऐकणाराला उलट विचारतां येत नव्हतें. २००० सालीं आंध्र प्रदेशांतील अरगोंडा या खेड्यांतील रुग्णालय उपग्रहाच्या द्वारें शहरांतील तज्ज्ञांशीं जोडलें गेलें. नोव्हेंबर २०१९ मध्यें केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सुरू झाली. तींत गांवच्या आरोग्य केंद्रांतून दूरच्या डॉक्टराशीं बोलतां येतें. २५ मार्च २०२० रोजीं दूरसल्ल्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांत पहिली भेट आणि पुढील भेट असा भेद केला आहे. सहा महिन्यांच्या आंत डॉक्टरानें प्रत्यक्ष तपासलेल्या रोग्याला त्याच दुखण्यासाठीं पुढचा सल्ला दुरून देणें सुकर झालें. दीर्घ व्याधीच्या दृष्टीनें हा भेद फार महत्त्वाचा आहे.

मर्यादाहि स्पष्ट आहेत. पोट चांचपून प्लीहेची वाढ पाहणें पडद्यावरून साधत नाहीं. मॉर्फिनसारखीं औषधें दुरून लिहून देण्यास मनाई आहे. तीव्र झटक्यांत रुग्णालयच गांठावें लागतें. रक्त तर गांवांतच कोणीतरी काढावें लागतें आणि औषध गांवांतच मिळावें लागतें. परिचारिका, रक्ततपासणी आणि औषधाचा सांठा नसेल, तर दूरच्या तज्ज्ञाचा उत्तम सल्लाहि केवळ सांत्वन ठरतो.

म्हणून या साधनाची परीक्षा तारेच्या लांबीवरून करूं नये. तीन खेपांची एक झाली काय, रोवणीच्या दिवसांत औषध खंडित झालें नाहीं काय, हें विचारावें. आइन्थोव्हेनच्या तारेच्या एका टोंकाला यंत्र होतें, दुसऱ्या टोंकाला रोगी आणि त्याची काळजी घेणारीं माणसें होतीं. भंडाऱ्याच्या खेड्यांतहि दुसरें टोंक असेंच सांभाळलें गेलें पाहिजे.