मॉल्ट मिल : एका चवीच्या नकलेचा इतिहास

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयला बेटाच्या दक्षिणेस पोर्ट एलन नावाचे छोटे बंदर आहे. तेथून पूर्वेकडे जाणाऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या रस्त्यावर लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन आसवन्या ओळीने उभ्या आहेत. समुद्र तोच, वारा तोच, पाणी त्याच टेकड्यांवरून उतरणारे, आणि तिन्ही ठिकाणचा जव पीटच्या धुरावर सुकवलेला. तरीही लफ्रॉइग आणि लागावूलिन यांचे पेले शेजारी ठेवले, तर नवख्या माणसालाही त्यांतला फरक कळतो. १९०८ साली एका श्रीमंत आणि चिडलेल्या मद्यव्यापाऱ्याने पैशाच्या बळावर हा फरक पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. व्हिस्कीची चव नेमकी कोठून येते, या प्रश्नावर त्या प्रयत्नाइतका प्रकाश दुसऱ्या फार थोड्या घटनांनी टाकला आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा. एकाच आसवनीत, केवळ अंकुरित जवापासून, तांब्याच्या पात्रांत गाळलेली आणि ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवलेली स्कॉच म्हणजे सिंगल माल्ट. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेल्या शेवाळाचा आणि झुडपांचा अर्धवट कुजलेला थर. तो कापून, वाळवून जाळतात. आयलावर झाडे कमी, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या चुलीतही हेच जळण होते. ओल्या जवाला अंकुर फुटले की ते थांबवण्यासाठी तो सुकवावा लागतो. या वेळी पीटच्या धुरातील फिनॉल वर्गातील द्रव्ये दाण्यावर बसतात आणि पुढे पेल्यापर्यंत पोहोचतात.

लफ्रॉइगची स्थापना १८१५ची मानली जाते, लागावूलिनची १८१६ची. दोन्हींच्या आरंभी जॉन्स्टन हेच आडनाव आढळते. लफ्रॉइगचा माल विकण्याचे हक्क पुढे ग्लासगोच्या मॅकी कंपनीकडे आले आणि तीच कंपनी लागावूलिनचीही मालक झाली. शेजाऱ्याचा माल आपणच विकायचा, ही व्यवस्था मॅकींना फार सोयीची होती. त्या काळी सिंगल माल्ट म्हणून बाटलीत भरली जाणारी व्हिस्की थोडी; बहुतेक माल मिश्र व्हिस्कीत जाई, आणि आयलाचा धुरकट माल्ट हा त्या मिश्रणातला मसाला होता. भाजीत हिंग चिमूटभरच पडतो, पण तो नसला की सगळ्यांना कळते, तसे.

या कंपनीचा सूत्रधार पीटर मॅकी हा ‘व्हाइट हॉर्स’ या मिश्र व्हिस्कीचा निर्माता. हुशार, अस्वस्थ, हट्टी, आणि ‘नाही’ हा शब्द ऐकण्याची सवय नसलेला. १९०७च्या सुमारास लफ्रॉइगच्या मालकांनी विक्रीचे हक्क त्याच्याकडून काढून घेतले. मॅकीने प्रथम काय केले? लफ्रॉइगकडे जाणारे पाणी अडवले. पाण्याशिवाय आसवनी म्हणजे तेलाशिवाय दिवा. प्रकरण न्यायालयात गेले आणि पाणी पुन्हा सोडावे लागले. आपल्या गावांतील पाटाच्या पाण्याची भांडणे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या टप्प्यापर्यंत काहीच नवल वाटणार नाही.

नवल पुढे आहे. पाणी तोडून भागले नाही, तेव्हा मॅकीने ठरवले की लफ्रॉइग आपणच बनवायची. १९०८ मध्ये लागावूलिनच्याच आवारात त्याने ‘मॉल्ट मिल’ नावाची दुसरी, छोटी आसवनी उभारली. तांब्याची पात्रे लफ्रॉइगच्या पात्रांबरहुकूम घडवून घेतली. लफ्रॉइगमध्ये काम करणारा जाणकार माणूस फोडून आणला. जव सुकवायला केवळ पीट. सामग्री, आकार, माणूस आणि परिसर, म्हणजे त्या काळी चवीची जी जी कारणे माहीत होती ती सगळी, एका भिंतीआड जमा झाली.

पण मॉल्ट मिलची व्हिस्की लफ्रॉइग झाली नाही. ती वाईट होती असे नव्हे. ती मॅकीच्या मिश्रणांत वापरली गेली आणि आसवनी १९६२ पर्यंत, म्हणजे मॅकीच्या १९२४ मधील मृत्यूनंतरही ३८ वर्षे, चालत राहिली. नकोशा मालासाठी कोणी अर्धशतकाहून अधिक काळ भट्टी पेटती ठेवत नाही. मात्र ज्या एका कामासाठी ती जन्मली होती, ते तिला कधीच साधले नाही.

याचे प्रचलित स्पष्टीकरण म्हणजे ‘पाण्याची जादू’ किंवा ‘मातीचा गुण’. आसवन्यांच्या जाहिरातींना ते फार आवडते. पण दोन किलोमीटरच्या अंतरात मातीचा गुण कितीसा बदलणार? पीटमधून वाहणारे तपकिरी पाणी डोळ्यांना कितीही गूढ वाटले, तरी धुराच्या चवीत त्याचा वाटा अगदीच थोडा. ती चव येते भट्टीतून. खरे उत्तर शोधायचे तर पात्राच्या आकारापेक्षा घड्याळाकडे पाहावे लागते.

दुसऱ्या ऊर्ध्वपातनात पात्रातून येणाऱ्या धारेचे तीन भाग पडतात. मराठीत ‘पहिल्या धारेची’ ही मद्याची प्रशस्ती आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र पहिली धार बाजूला काढतात, शेवटची धारही बाजूला काढतात, आणि फक्त मधली पिंपात भरतात. पहिल्या धारेत उग्र, चटकन उडणारी द्रव्ये असतात. मधल्या धारेच्या आरंभी फळांच्या गंधाची गोडसर एस्टर येतात. फिनॉल जड असल्याने उशिरा, शेपटाकडे वाढत जातात. म्हणजे मधली धार केव्हा सुरू करायची आणि केव्हा तोडायची, हा निर्णयच चवीचा निर्णय ठरतो. लफ्रॉइगमध्ये पहिली धार सुमारे ४५ मिनिटे बाजूला काढली जाते, जी इतरांच्या मानाने बरीच जास्त आहे. त्यामुळे आरंभीची गोड फळे बरीचशी गळून जातात आणि डांबर, आयोडीन, औषधी वास यांचे राज्य उरते. लागावूलिनची रीत वेगळी. तेथे पात्रे काठोकाठच्या जवळपास भरतात आणि अत्यंत संथ गाळतात. पहिले ऊर्ध्वपातन सुमारे ५ तास, दुसरे ९ तासांहून अधिक. तिचा दाटपणा या संथपणातून येतो.

यावर शंका असेल, तर एक पडताळा आजही उपलब्ध आहे. १९७४ मध्ये लागावूलिनने स्वतः जव अंकुरवणे थांबवले. तेव्हापासून तिचा धुरावलेला जव पोर्ट एलन येथील मोठ्या माल्टशाळेतून येतो. बेटाच्या उत्तरेकडील, त्याच कंपनीच्या मालकीच्या कोल ईला या आसवनीलाही तेथूनच, जवळजवळ त्याच प्रमाणात धुरावलेला जव मिळतो. फिनॉल दशलक्ष भागांत सुमारे ३५. एकच जव, एकच धूर. पण कोल ईलाची व्हिस्की हलकी, स्वच्छ, लिंबाची आठवण करून देणारी, आणि लागावूलिन जड व तेलकट. बाटल्यांवर फिनॉलचे आकडे शोधणाऱ्या रसिकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे: तो आकडा जवाचा असतो, पेल्याचा नव्हे.

पेल्यांची तुलना करतानाही एक गफलत नेहमी होते. लफ्रॉइग १० वर्षांची आणि लागावूलिन १६ वर्षांची, या सर्वांत परिचित बाटल्या समोरासमोर ठेवल्या जातात. पहिलीत मलमपट्टी, समुद्रशेवाळ, ओले डांबर, आणि मागाहून बोर्बनच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा गोडवा. दुसरीत विझलेल्या चुलीचा धूर, मीठ, सुका मेवा, आणि घशात बराच वेळ रेंगाळणारी ऊब. वर्णन खरे आहे, पण या तुलनेत आसवनीबरोबर ६ वर्षांचे पिंपही बोलत असते. वय वाढले की धूर मवाळ होतो. त्यापेक्षा २०१६ मध्ये लागावूलिनच्या द्विशताब्दीनिमित्त आलेली ८ वर्षांची, ४८ टक्के मद्यांशाची व्हिस्की लफ्रॉइगशेजारी ठेवणे अधिक न्याय्य. १८८०च्या दशकात आसवन्यांची पाहणी करत फिरणाऱ्या आल्फ्रेड बर्नार्डनेही लागावूलिन चाखली ती ८ वर्षांचीच.

तुलनेआधी दोन्ही पेल्यांतील मद्यांश पाणी घालून एका पातळीवर आणावा. हा नुसता शिष्टाचार नाही. धुराच्या वासाला कारणीभूत असलेल्या ग्वायकॉल या द्रव्याचे रेणू मद्यांश कमी असताना पृष्ठभागाजवळ येतात आणि फार जास्त असताना द्रवात खोल विखुरतात, असे स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतींच्या साहाय्याने दाखवले. कडक पेल्यात धूर दबतो. पाण्याने तो वर येतो.

आता पुन्हा लफ्रॉइगकडे. मॉल्ट मिल उभी राहिली त्याच सुमारास तेथे इयन हंटर हा तरुण मालक दाखल झाला. नकलेचा धसका त्याने आयुष्यभर बाळगला; त्याच्या गुप्ततेच्या कथा बेटावर दीर्घकाळ सांगितल्या जात. १९२३ मध्ये त्याने उत्पादन दुप्पट केले, तेव्हा नवी पात्रे जुन्यांची हुबेहूब प्रतिकृती म्हणून घडवली. मॅकीने केले तेच त्याने केले, फरक एवढाच की रोजचे कामकाज जागचे हलले नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी असताना त्याने लफ्रॉइग औषध म्हणून तेथे विकल्याचे सांगितले जाते. तिचा आयोडीनसारखा वास घेतलेल्या अधिकाऱ्याला ती कोणी चवीने पीत असेल, हे पटले नसावे. मुंबईतील दारूबंदीच्या काळात प्रकृतीच्या कारणाखाली परमिट काढणाऱ्यांना ही युक्ती अगदी ओळखीची वाटेल.

आणि हंटरने आपले गुपित शेवटी कोणाच्या हाती दिले? १९३४ मध्ये ग्लासगोहून उन्हाळ्यापुरती लघुलेखनाची नोकरी करायला आलेल्या बेसी विल्यमसन या तरुणीच्या. ती परत गेलीच नाही. हंटर आजारी पडल्यावर कारभार तिच्याकडे येत गेला, आणि १९५४ मध्ये तो वारला तेव्हा आसवनीही मृत्युपत्राने तिला मिळाली. विसाव्या शतकात स्कॉच आसवनीची मालकी आणि व्यवस्थापन सांभाळणाऱ्या स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. १९७२ मध्ये ती निवृत्त झाली. मॅकीने लफ्रॉइगचा एक माणूस पगार देऊन नेला होता. बेसीने मात्र हे काम वीस वर्षे मालकाच्या शेजारी बसून शिकले होते. या दोन गोष्टींतील अंतर तांब्याच्या पत्र्याने भरून निघण्यासारखे नव्हते.

धूर बेटाबाहेर नेण्याचे प्रयोग नंतरही झाले, आणि त्यांतला एक आपल्या अगदी जवळचा आहे. गोव्यातील कुंकळ्ळी येथे बनणाऱ्या पॉल जॉनच्या ‘बोल्ड’ या सिंगल माल्टसाठी पीट आयलाहून आणले जाते. पण जव भारतीय, आणि कोकणपट्टीच्या उष्म्यात पिंपातून दरवर्षी उडून जाणारे मद्य स्कॉटलंडच्या सुमारे २ टक्क्यांच्या कितीतरी पट. पेल्यात धूर आयलाचा येतो, पण त्याखाली मध आणि मसाल्यांची उष्ण प्रदेशातील गोडी असते. येथे नकलेचा दावा नाही, म्हणून निराशाही नाही.

मॉल्ट मिल बंद झाल्यावर तिची पात्रे लागावूलिनमध्ये हलवली गेली आणि १९६९ पर्यंत वापरात राहिली. लफ्रॉइग बनवण्यासाठी घडवलेल्या तांब्यातून त्या काळात लागावूलिन गाळली गेली.

केन लोच यांच्या ‘द एंजल्स शेअर’ या २०१२च्या चित्रपटाचे कथानक मॉल्ट मिलच्या एका शिल्लक राहिलेल्या काल्पनिक पिंपाभोवती फिरते. लिलावात त्याला दहा लाख पौंडांहून अधिक किंमत येते. तत्पूर्वी चोरांनी त्यातला काही भाग काढून तेथे शेजारच्या पिंपातली साधी व्हिस्की भरलेली असते, आणि खरेदीदार ती चाखून प्रसन्न होतो.

प्रत्यक्षात असे पिंप सापडलेले नाही. लागावूलिनमध्ये १९६२च्या अखेरच्या गाळपाची म्हणून जपलेली एक लहानशी बाटली आहे. तिच्यातला अर्क पिंपात कधी गेलाच नाही; तो पाण्यासारखा रंगहीन आहे.