पाणी किती वेळ येतं?

गेल्या आठ महिन्यांत माझं वजन नऊ किलोंनी उतरलं आणि मी सव्वीस फ्लॅट बघितले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून दम दिला, आणि घरमालकांनी मुलाच्या लग्नाचं कारण सांगून घर सोडायला सांगितलं. तेव्हापासून सकाळी कालव्याच्या कडेने धावायचं आणि संध्याकाळी एजंटच्या स्कूटरवर मागे बसायचं, असा दिनक्रम आहे. लिफ्ट बंद असलेल्या इमारतींचे जिने मी व्यायामात धरतो.

मी धाटावला राहतो. रोहा आणि कोलाडच्या मधलं गाव, बाजूला कुंडलिका, आणि पलीकडे एमआयडीसीच्या चिमण्या. बाबा इथल्याच एका कारखान्यात शिफ्ट करून निवृत्त झाले. मी घरी बसून पुण्यातल्या कंपनीसाठी कोड लिहितो. घर बघताना प्रत्येकाचा एकेक प्रश्न ठरलेला. माझा, फायबरची लाइन आहे का. बाबांचा, वारा कुठून वाहतो (केमिकलच्या वासात आयुष्य काढलेला माणूस आधी हेच विचारणार). आईचा, ओटा कुठल्या दिशेला. आजी मात्र दोन प्रश्न विचारते. पाणी किती वेळ येतं? आणि कुठनं येतं?

दुसऱ्या प्रश्नाला एजंट हसतो. ‘नळातून, आजी!’

मीही हसायचो. मग मे महिन्यातल्या एका रविवारी सायकल काढून कोलाडला गेलो. सकाळी नदीत दगड दिसत होते. आभाळात ढगाचा ठिपका नाही. थोड्या वेळाने बघतो तर नदी दुथडी, आणि राफ्टिंगवाल्यांच्या बोटी त्यात उड्या मारतायत. राफ्टिंगच्या पोरांना त्याचं काहीच नाही. भिऱ्याला टर्बाइन सुरू झाली, म्हणजे आता पाणी येणार, एवढं त्यांना पाठ असतं.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळा नदीचं. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीत पडलेला पाऊस खरं तर पुण्याकडे जायचा, तिथून भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधून ते पाणी उलटं फिरवलं. ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, वीज करून कुंडलिकेत उतरतं आणि अरबी समुद्राकडे निघतं. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७, अशी ही घाटाखालची वीजघरं एकामागोमाग उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती.

आणि मुळशीच्या खोऱ्यातल्या लोकांना त्यांची भातखाचरं हवी होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे या सत्याग्रहाचे सेनापती ठरले पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा हा माणूस शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता, हे कळल्यावर मला उगाच आपलेपणा वाटला. आमच्या कॉलेजात धरणाचा भार काढायला शिकवायचे. धरणाखाली कोण राहतं, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. बापटांना १९२४ मध्ये धरणाच्या सामानाची रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच.

राजेंद्र व्होरा यांचं या सत्याग्रहावरचं पुस्तक वाचताना एक गोष्ट मला जास्त लागली. लढा फक्त सरकारने मोडला नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती. सावकाराला पैसे चालणार होते, जास्त मिळाले तर उत्तमच. वाटाघाटी मग भरपाईच्या आकड्यावर येऊन थांबल्या.

आजीचं माहेर मुळशीचं. तिच्या वडिलांचं घर त्या पाण्याखाली आहे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण आजीच्या गुडघेदुखीसारखं. आहे, चालायचंच. पणजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. पुढे ते मुंबईला गिरणीत लागले. गिरणगावात एका खोलीत पंधरा-वीस गडी राहायचे, एकाची पाळी सुटली की त्याच्या सतरंजीवर दुसरा झोपायचा. सरकारने त्याच काळात २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली खोली १६० चौरस फुटांची. पणजोबांना तीही मिळाली नाही. सकाळी तालमीत जोर-बैठका, मग गिरणी, असं ते सांगायचे. ती गिरणी विजेवर चालायची. ती वीज कुठून यायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं, असं आजी म्हणते. साच्यावर उभे राहिले की म्हणायचे, आमचाच ओढा फिरवतोय.

त्याच पाण्यावर पुढे इथे खाली एमआयडीसी वसली, बाबांना नोकरी लागली, आणि मी फ्लॅट बघत फिरतोय.

सत्ताविसावा फ्लॅट गेल्या शनिवारी बघितला. दुसरा मजला, वारा बरा, फायबर आहे. आजीला हट्टाने बरोबर नेलं. जिना चढायला तिला दहा मिनिटं लागली, मी तेवढ्यात दोनदा वर-खाली केलं.

‘पाणी किती वेळ?’

‘सकाळी दोन तास. एमआयडीसीची लाइन आहे, आजी.’

‘म्हंजे भिऱ्याचं?’

या वेळी एजंट हसला नाही. त्याचा मामा भिऱ्यालाच असतो म्हणे. आजीने मोरीतला नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि नळ घट्ट बंद केला.

‘घे हे,’ मला म्हणाली.

टोकन अजून दिलेलं नाही. रेरा आल्यापासून किंमत कार्पेट एरियावर सांगावी लागते, पण बिल्डरच्या कागदावर आणि माझ्या टेपवर एकोणतीस चौरस फुटांचा फरक येतोय. सोमवारी पुन्हा मोजायला जाणार आहे. आजी म्हणते, एकोणतीस तर एकोणतीस, सोडायचे नाहीत.