माणसांविना आलेलं जहाज

विदर्भात मौद्याला कन्हान नदीच्या पुलावर उभे राहा आणि साल 2011 धरा. खालचं पाणी पूर्वेला वैनगंगेकडे, पुढे बंगालच्या उपसागराकडे निघालंय. तुम्हाला मात्र पश्चिमेचा समुद्र गाठायचाय.

11 जून, मुंबई. ‘विस्डम’ नावाचं सुमारे 9,000 टनांचं जुनं मालवाहू जहाज कोलंबोहून अलंगला मोडीत निघायला चाललं होतं. ओढून नेणाऱ्या टगचा दोर तुटला. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर ते आदळतंय की काय, अशी धास्ती होती. ते जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. गर्दीत शिरा. लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन आलेत. जुलैच्या सुरुवातीला, अमावास्येच्या उधाणात ते जहाज ओढून काढतील.

तोवर तुम्ही ओमानजवळ चला. जून संपत आलाय. पनामाचा झेंडा लावलेल्या ‘पवित’ या छोट्या टँकरच्या डेकवर तुम्ही उभे आहात. इंजिनरूममध्ये पाणी शिरलंय. ब्रिटिश युद्धनौका ‘सेंट अल्बान्स’ तेरा खलाशांची सुटका करते. ते जातात, तुम्ही मागे राहता.

आता ऐका. इंजिन गप्प, पण जहाज गप्प नाही. लाट आली की उघडं राहिलेलं लोखंडी दार चौकटीवर आदळतं आणि लाट उतरली की पुन्हा उघडतं. रात्री एक दिवा नाही. सुकाणू कुणाच्याच हातात नाही, आणि तरी दिशा ठरलेली आहे: नैर्ऋत्येचा वारा मागून रेटतोय. याच वाऱ्यावर ढगही आपल्याकडे निघालेत. जहाज बुडालं असं धरून चाललेली माणसं किनाऱ्यावर आहेत, आणि ते मात्र महिनाभर अख्खा अरबी समुद्र ओलांडतंय.

31 जुलै, रविवार. वर्सोव्याजवळ तळ वाळूला घासतो. तुम्ही उतरा आणि लोकांचे चेहरे बघा. 26 नोव्हेंबर 2008 ला दहशतवादी अजमल कसाब आणि त्याचे साथीदार हल्ला करायला याच शहरात समुद्रातून आले होते. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस असा तिहेरी पहारा बसवला होता. तो ओलांडून एक अख्खा टँकर आला, आणि कुणाला पत्ता नाही! तो रिकामा होता म्हणून बरं, असं म्हणून हा विषय सोडून देणं मला पटत नाही.

वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, कोळीवाड्यात एक चक्कर मारा. होड्या वर ओढून शाकारल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत. वर्षातले बाकी महिने या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त नजर असते ती मच्छीमारांची. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत तीच नसते. पहाऱ्याच्या यंत्रणेने ही उणीव आधीच ओळखायला हवी होती.

4 ऑगस्टला कोळशाने भरलेलं ‘रॅक कॅरियर’ मुंबईसमोर बुडतं. तेल किनाऱ्याला लागू लागतं आणि यंत्रणा तिकडे धावते. ‘पवित’ अजून वाळूतच आहे. 13 ऑगस्टला नारळी पौर्णिमा. त्या उधाणाच्या दिवसांत पाणी चढतं, टग दोर ताणतात, आणि जहाज निघतं. कोळी त्या आठवड्यात होड्या पाण्यात लोटायच्या तयारीला लागलेले असतात.