बांध कोणाचा, डागडुजी कोणाची?

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम् शहराच्या वायव्येस, कावेरी आणि कोल्लिडम या दोन प्रवाहांच्या दरम्यान, इन्नंबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शिवमंदिरातील देवास 'एळुत्तरिनाथ', म्हणजे अक्षरे जाणणारा ईश्वर, असे म्हणतात. देवळाच्या हिशेबनिसावर चोळ राजाची गैरमर्जी झाली, तेव्हा प्रत्यक्ष शंकराने त्याचे रूप घेऊन दरबारात चोख हिशेब सादर केला, अशी स्थलकथा आहे. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्यास हा देव जवळचा वाटावा, यात नवल नाही. परंतु या मुलखातील खरा अवघड हिशेब होता तो पाण्याचा.

आपल्याकडे डोंगरउतारावर घर बांधणारा मनुष्य माती ढासळू नये म्हणून दगडी भिंत घालतो, आणि त्या भिंतीसाठी त्यास नकाशा व परवानगी लागते. कावेरीचा मुलूख सपाट. तेथे घराला आणि शेताला सावरणारी भिंत म्हणजे नदीचा बांध. मग हा बांध ज्याच्या हद्दीत उभा आहे त्याचा, की ज्याचे पीक त्याच्यावाचून वाळते त्याचा? तंजावरच्या मराठी राजांपुढे हा प्रश्न मोठ्या निकराने उभा राहिला.

त्रिचनापल्लीच्या वर कावेरी दुभंगते. उत्तरेकडील फाटा कोल्लिडम, तो सरळ समुद्रास मिळतो. दक्षिणेकडील कावेरी शेकडो कालव्यांनी तंजावर भिजविते. श्रीरंगमचे बेट संपते तेथे हे दोन्ही प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात, आणि कोल्लिडमचे पात्र बरेच खोल असल्यामुळे कावेरीचे पाणी तिकडे धाव घेऊ पाहते. ते थोपविण्यासाठी जो दगडी बांध घातला तो 'कल्लणै'. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळास देते. १०८० फूट लांब, ४० ते ६० फूट रुंद, वळणावळणाचा. वाहत्या वाळूत पायाला खडक लागत नाही, म्हणून मोठमोठे धोंडे वाळूत रुतवीत जावयाचे, ते स्थिर झाले की त्यांवर चिकणमातीत आणखी दगड बसवावयाचे, ही त्याची रीत. सर ऑर्थर कॉटन यांच्यासारख्या इंग्रज अभियंत्याने ही विद्या येथल्या जुन्या कारागिरांकडून आपण घेतली, असे मोकळेपणाने मान्य केले आहे.

व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. बांधाची जागा मात्र त्रिचनापल्लीकडे, आणि ती पुढे अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात गेली. १७६२ साली प्रतापसिंहराजे व नबाब महंमद अली यांच्यात कंपनीच्या साक्षीने तह झाला. थकबाकीचे २२ लक्ष आणि सालिना ४ लक्ष रुपये खंडणी ठरली. पुढील वर्षी प्रतापसिंह वारले आणि तुळजाजी गादीवर आले. लगोलग बांधाचा तंटा उपस्थित झाला. बांध आमच्या भूमीवर आहे, सबब तो आमचा, असे नबाबाचे म्हणणे. दुरुस्ती पूर्वापार आम्हीच करीत आलो, असे तंजावरकरांचे. नबाब राजास दुरुस्ती करू देईना. खंडणी ज्या भातावर द्यावयाची ते भात ज्या बांधावर पिकावयाचे, त्यास धोंडा लावण्याची परवानगी खंडणी घेणाराच नाकारीत होता! अखेर मद्रासच्या कंपनी सरकारने मध्ये पडून राजास दुरुस्तीची मोकळीक देवविली. न्याय तंजावरच्या पदरात पडला खरा. पण आपल्या पाण्याचा निवाडा तिसऱ्याकडून घेण्याची पाळी आली, आणि १७७३ साली त्याच तिसऱ्याच्या फौजांच्या साह्याने नबाबाने तंजावर जिंकले. १७७६ मध्ये तुळजाजींस ते परत मिळाले. १७९९ च्या तहाने सर्फोजीराजांच्या हाती किल्ला आणि राजधानीच तेवढी उरली. ज्यांनी बांधासाठी भांडण केले त्यांच्या वंशजांकडे पुढे ग्रंथालय राहिले, नदी राहिली नाही.

मोठ्या बांधाचे हे झाले. गावोगावचे काठ आणि पाट सांभाळण्याची जुनी रूढी 'कुडिमरामत्तु'. 'कुडि' म्हणजे रयत. 'मरम्मत' तर आपल्या ओळखीचाच शब्द. गाळ उपसणे, लहान खिंडारे बुजविणे हे गावकऱ्यांनी अंगमेहनतीने करावयाचे. या रूढीस १८५८ च्या मद्रासच्या पहिल्या कायद्याने सक्तीचे रूप दिले. बांध फुटण्याचा धोका दिसताच अधिकाऱ्याने गावप्रमुखास कळवावे, त्याने धडधाकट पुरुषांस कामावर बोलवावे, झाडे, बांबू, पेंढा ताब्यात घ्यावा. मात्र बोलवावयाचे ते 'श्रमजीवी वर्गा'तील पुरुषांस. पुराचे पाणी जमीनदाराच्या ओसरीवरही चढते. पण कायद्याने त्यास टोपली उचलावयास लाविले नाही. आपल्याकडील वेठीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

कॉटन यांनी १८३६ साली कोल्लिडमच्या मुखाशी वरचा बंधारा बांधला. त्यामुळे कावेरीस पाणी मिळू लागले, आणि ते इतके की दहाएक वर्षांच्या आत कावेरीच्याच मुखाशी दुसरा बंधारा घालून तिला आवर घालावा लागला. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले. २०१७ पासून तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु या जुन्याच नावाने तलाव-कालवे दुरुस्तीची योजना सुरू केली. त्यानंतरच्या पावसाळ्यात, २२ ऑगस्ट २०१८ रोजी, कॉटन यांच्या त्या वरच्या बंधाऱ्यावरील ९ दरवाजे कोल्लिडमच्या पुरात वाहून गेले.