मीजान आणि मोटार

रविवारी सकाळी धरमतरच्या पुलावरून अलिबागकडे जाणाऱ्या रांगेत एखादी स्पोर्ट्स कार असतेच. जमिनीला चिकटलेली आणि वडखळचा प्रत्येक खड्डा जपून ओलांडणारी. शाळेतल्या पोरांना अशा गाड्यांचे सगळे आकडे तोंडपाठ असतात. त्यातला एक आकडा मला भाषेचा शिक्षक म्हणूनही आवडतो. तो म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. उर्दूत याला मर्कजे-सिक्ल म्हणतात. सिक्ल म्हणजे भार, आणि साऱ्या भाराचा जिथे तोल सांभाळला जातो तो बिंदू. हा बिंदू जितका खाली, तितकी गाडी वळणावर कमी कलते.

2012 साली टोयोटा 86 आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्या बाजारात आल्या, तेव्हा जाहिरातीचा भर याच बिंदूवर होता. इंजिनातले पिस्टन आडवे, त्यामुळे इंजिन बसके, म्हणून गुरुत्वमध्य जमिनीपासून 460 मिलिमीटरच्या आसपास, असा दावा. मग शौकिनांचा वाद सुरू झाला. हे मोजले कोणी? टाकी भरलेली होती की रिकामी? आत ड्रायव्हर बसला होता का?

हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण मोजण्याची रीत पाहा. गाडीची चाके काट्यावर ठेवायची, मग मागची बाजू उचलायची. थोडे वजन पुढच्या चाकांवर सरकते, आणि त्या वाढीवरून उंची काढतात. गाडी बाराशे किलोची, पुढच्या-मागच्या चाकांत 257 सेंटिमीटर अंतर आणि मागची बाजू 60 सेंटिमीटर उचललेली, असे धरून मी हिशेब मांडला. काटा एक किलो चुकला तर उत्तर जवळपास 9 मिलिमीटरने चुकते! टाकीतले पेट्रोल पुढे सरकले, स्प्रिंगा दबल्या, टायर चेपले, तरी उत्तर हलते. म्हणजे एका कंपनीने 460 सांगितले आणि दुसरीने 470, तर रीत कळल्याशिवाय त्या फरकाला अर्थ नाही. कंपनी खोटे बोलते असे मी म्हणत नाही. ती अर्धेच सांगते, एवढेच.

आतली माणसे हलली की हा बिंदूही हलतो, हे आपल्या खाडीला शिकवावे लागत नाही. 17 जुलै 1947 रोजी, रमजान तोंडावर आलेला असताना, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. लाटेने बोट कलली, उतारू घाबरून एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसे गेली. बोट रिकामी असताना तिचा तोल कितीही चांगला असला, तरी त्या क्षणी त्याचा काय उपयोग?

विकणाऱ्याचा शब्द आणि तराजूचा शब्द यांतला हा तंटा फार जुना आहे. मर्व शहरातल्या अल-खाजिनी यांनी 515 हिजरीत, म्हणजे 1121-22 च्या सुमारास, ‘मीजान अल-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. भाराच्या केंद्राविषयी अल-कूही आणि इब्न अल-हैसम यांचे विचार त्यात आहेत, आणि एक तराजूही आहे. सोन्यात भेसळ आहे का, हे दागिना न मोडता पाण्यात तोलून ओळखणारा. सराफाने सोने शुद्ध म्हटले, एवढ्यावर भागत नसे. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात एक आख्खी सूरत आहे, सूरह मुतफ्फिफीन. ब्रोशरमधला आकडा हेही मापच, असे मला वाटते.

स्पोर्ट्स कार सहसा उलटत नाही, म्हणून तिचा वाद शौकापुरता राहतो. उंच गाडीत तो जिवावर बेततो. 1988 मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने सुझुकी सामुराई वळणावर उलटू शकते म्हणून घेऊ नका, असे छापले. गाडी मुद्दाम कलेल अशी चाचणी रचली, असे सुझुकीचे म्हणणे. 1996 मध्ये कंपनी कोर्टात गेली, आणि 2004 मध्ये एक पैसाही न देता-घेता समझोता झाला. दरम्यान तिथल्या सरकारने 2001 पासून स्वतःच मोजायला सुरुवात केली. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे आणि त्यावरून गाडी उलटण्याचा धोका जाहीर करायचा. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप आले. ते मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेचे तारे देते, ही उंची सांगत नाही.

सामुराईची भारतातली बहीण म्हणजे आपली मारुती जिप्सी, पोलिसांची आणि रॅलीवाल्यांची लाडकी. अमेरिकेतला खटला उभा राहण्याच्या तीन वर्षे आधी, 1993 मध्ये, मारुतीने तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर 90 मिलिमीटरने वाढवले.